मास्क नाकाखाली का येतो, हे मुलांनाच विचारायची एक पद्धत

कोविडमध्ये बंद झालेली शाळा पुन्हा भरायला लागली तेव्हा मी नववीला विज्ञान शिकवत होते. पहिल्या दोन आठवड्यांत माझं निम्मं बोलणं एकाच वाक्यात संपलं: "मास्क नाकावर घे." मुलं घ्यायची. मी फळ्याकडे वळले की मास्क परत हनुवटीवर. यांना अजून कळलेलं नाही, असं मला वाटायचं, म्हणून मी आणखी समजावायचे. विषाणू, थेंब, फुप्फुसं, आकृत्या, सगळं.

वर्गात एक मुलगा होता. दिवसभर मास्क नीट लावायचा आणि उत्तर द्यायला उभा राहिला की नेमका तेव्हाच खाली ओढायचा. बोलताना मास्क हवाच, हे मी पाच वेळा सांगून झालं होतं. सहाव्या वेळी त्याला सगळ्यांसमोर बोलले. त्यानंतर त्याने हात वर करणंच सोडलं. कारण मला महिनाभराने कळलं, तेही एका बिननावाच्या चिठ्ठीतून. त्याचा आवाज फुटत होता. मास्कमधून बोललेलं माझ्यापर्यंत पोचायचं नाही, मी "मोठ्याने बोल" म्हणायचे, मोठ्याने बोललं की आवाज चिरकायचा आणि मुलं हसायची. मास्क खाली ओढला की पहिल्याच वेळी, हळू आवाजात काम भागायचं. विषाणूवरच्या चाचणीत याच मुलाला पैकीच्या पैकी गुण होते.

पुढे लिहिलेली पद्धत त्या चुकीनंतर मी वापरत गेले. बारा ते सतरा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या किंवा सांभाळणाऱ्या कुणालाही साथीच्या काळात ती वापरता येईल.

आधी चिठ्ठ्या

सुरुवात समजावण्याने करू नका. आधी विचारा, आणि नाव न घेता विचारा. सगळ्यांना सारख्या आकाराचे कागद द्या, सगळ्यांनी पेन्सिलनेच लिहायचं. अक्षर ओळखू येईल अशी भीती असेल त्याने डाव्या हाताने लिहिलं तरी चालेल, हे सांगून टाका. कोरी चिठ्ठी टाकायचीही मुभा द्या. चिठ्ठ्या एका पेटीत गोळा करा, आणि ती पेटी वर्गात उघडू नका. आणि चिठ्ठ्या दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही असं म्हणालात, तर खरंच दाखवू नका. ही मुलं एकदा फसली की पुढच्या वेळी तुम्हाला हवं तेच लिहून देतात.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. "तू मास्क वापरतोस का?" असं विचारलंत तर सगळे "हो" लिहितील. "का वापरत नाहीस?" यात आरोप आहे, त्याला बचाव मिळेल. मी तीन प्रश्न ठरवले:

काल मास्क कुठे कुठे काढला किंवा खाली घेतला?
त्या वेळी मनात काय होतं?
वर्गातल्या बाकीच्यांना मास्कबद्दल काय वाटतं, असं तुला वाटतं?

पहिल्या प्रश्नात "प्रत्येक जण कधीतरी काढतोच" हे गृहीत धरलेलं आहे, त्यामुळे खरं लिहायला जड जात नाही. तिसरा प्रश्न मी सहज घातला होता. सगळ्यांत उपयोगी तोच ठरला.

चिठ्ठ्यांत काय निघतं

पहिला ढीग शरीराचा. कान दुखतात, चष्म्यावर वाफ धरते, हनुवटीवर पुरळ उठलंय, ओला झाल्यावर वास येतो, तासाच्या शेवटी डोकं जड होतं.

दुसरा ढीग न्यायाचा, आणि तो वाचताना मला लाज वाटली. "सर-मॅडम टीचर्स रूममध्ये बिनामास्कचे बसतात, आम्ही खिडकीतून बघतो." या वयात मुलांना नियमाचा राग तितका येत नाही, नियम एकालाच लागू असण्याचा येतो. हा ढीग तुमच्याकडे निघाला, तर मुलांशी बोलायच्या आधी सहकाऱ्यांशी बोला. ते होईपर्यंत पुढचं काहीही चालणार नाही.

तिसरा ढीग मैत्रीचा. मास्क सगळ्यांत जास्त कुठे निघाला? बसमध्ये नाही, अनोळखी माणसांत नाही. जवळच्या मित्र-मैत्रिणींत. "ती माझी बेस्ट फ्रेंड आहे, तिच्याकडून मला काय होणार?" असं एकीने लिहिलं होतं, आणि तशाच अर्थाच्या कितीतरी चिठ्ठ्या होत्या. विश्वास आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मोठ्यांनाही उमगत नाही. आपणही नातेवाइकांत मास्क काढतोच की. पंधराव्या वर्षी तर मैत्रिणीसमोर मास्क लावून बसणं म्हणजे तिच्यावर संशय घेतल्यासारखं. म्हणून "तिला लागण झालेली असू शकते" असं कधी म्हणू नका. मुलं लगेच मैत्रिणीच्या बाजूने उभी राहतात. वाक्य उलटं करा: कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो, म्हणजे तुला काहीही होत नसताना तू तिला देऊ शकतेस. स्वतःच्या जिवाची काळजी या वयात फार लांबची वाटते. मैत्रिणीची वाटत नाही.

आणि मग तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं. स्वतःबद्दल बहुतेकांनी "लावायला हरकत नाही", "सवय झाली" असं लिहिलं होतं. बाकीच्यांबद्दल मात्र: "सगळे कंटाळलेत", "लावला की घाबरट म्हणतात", "कुणालाच आवडत नाही". एकाच वर्गातली मुलं, स्वतःबद्दल एक सांगतात आणि एकमेकांबद्दल त्याच्या उलट! मानसशास्त्रात याला जुनं नाव आहे, "प्लुरलिस्टिक इग्नोरन्स". डॅनियल कॅट्झ आणि फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी १९३१ मध्ये अशा सामूहिक गैरसमजाचं वर्णन केलं होतं. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच वेगळे. त्यात या वयाची आणखी एक भर असते. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये मांडलेला "काल्पनिक प्रेक्षक": आपल्यावर सतत सगळ्यांची नजर आहे, असं किशोरवयात मनापासून वाटत राहतं.

यावर उपाय सोपा आहे. स्वतःबद्दलची आणि बाकीच्यांबद्दलची उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. चिठ्ठ्या वाचून दाखवू नका, फक्त आशय आणि साधारण किती जणांनी तसं लिहिलं ते सांगा. मग गप्प बसा. मी गप्प बसले तेव्हा आधी कुजबुज झाली, मग मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे कुणीच हसत नाहीये?" मास्क लावायचं मनावरचं ओझं एवढ्या एका वाक्याने जितकं हलकं झालं, तितकं माझ्या आधीच्या सगळ्या आकृत्यांनी झालं नव्हतं.

शरीराच्या तक्रारी त्याच दिवशी सोडवा

पुरळ उठलेल्या मुलीला विषाणूचा धडा ऐकवणं हा तिचा अपमान आहे. आधी पुरळाचं बघा.

चष्म्यावर वाफ धरते ती नाकाजवळच्या फटीतून वर येणाऱ्या श्वासाची. वरच्या कडेत तार असलेलाच मास्क घ्यायचा, ती तार एका बोटाने चिमटायची नाही, तर दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या मध्यापासून गालांकडे दाबत न्यायची. चष्मा मास्कच्या कडेवर बसवायचा. वाफ थांबली म्हणजे फटही बुजली, हे मुलांना सांगा. चष्मा लावणाऱ्यांकडे मास्क नीट बसला की नाही हे तपासायचं यंत्रच असतं.

सर्जिकल मास्क लहान चेहऱ्याला बाजूंनी उघडा राहतो. कानातली दोरी मास्कच्या कडेपाशी गाठ मारून आखूड करायची आणि बाजूची घडी आत दुमडायची. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये पुतळ्यांवर केलेल्या प्रयोगात एवढ्यानेही मास्क बराच जास्त उपयोगी ठरतो असं दिसलं होतं. मुलं हे एकमेकांना शिकवतात, पाच मिनिटांत वर्ग तयार होतो.

कान दुखत असतील तर दोऱ्या डोक्यामागे हुकने अडकवायच्या. पुरळासाठी कापडी मास्क रोज धुवायचा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचा. दप्तरात स्वच्छ पिशवीत एक जादा मास्क हवाच, कारण ओला मास्क बदलायचा म्हणजे दुसरा जवळ असायला हवा. वर्गात मी कोऱ्या मास्कचं एक खोकं दाराशी ठेवलं होतं, माझ्या टेबलावर नाही. टेबलापर्यंत येऊन मागावं लागलं की कुणी येत नाही.

कापडी मास्कच निवडायचा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये सुचवलेली रचना अशी: आतला थर ओलावा शोषणारा, म्हणजे सुती, मधला न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा, बाहेरचा पाणी न शोषणारा, पॉलिस्टरसारखा. मुलांना आवडतात ते छापील चित्रांचे एकेरी कापडाचे मास्क यात बसत नाहीत, पण चित्राचं कापड बाहेरच्या थराला वापरायला कुणी अडवलेलं नाही.

धावताना, दमवणारे खेळ खेळताना मास्क नको. तिथे मोकळी हवा आणि अंतर.

आणि ज्या मुलांना ओठ पाहून बोलणं समजतं, त्यांचा विचार सगळ्यांत आधी करा. आपला मास्क म्हणजे त्यांच्यासाठी बंद दार. तोंडाशी पारदर्शक खिडकी असलेले मास्क मिळतात. तो त्या मुलाला नाही, शिकवणाऱ्याला आणि शेजारी बसणाऱ्यांना लागतो. तो नसेल तर फळ्यावर दुप्पट लिहा.

शंका घेणाऱ्याला गप्प करू नका

"मॅडम, मास्कने ऑक्सिजन कमी होतो." हा प्रश्न येणारच. "काहीतरीच!" म्हणू नका. श्वास जड वाटणं खरं असतं. आत उष्मा असतो, दमटपणा असतो, हवा ओढायला थोडा जास्त जोर लागतो. आधी ते मान्य करा, मग आकार सांगा. ऑक्सिजनचा रेणू सुमारे ०.३ नॅनोमीटरचा, एन-९५ मास्क ज्या कणांवर तपासतात ते सुमारे ०.३ मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), म्हणजे त्याच्या हजारपट मोठे. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर मिळालं तर तासाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांनाच मोजू द्या. आकडा त्यांनी स्वतः वाचायचा, तुम्ही नाही.

मग कुणीतरी हुशार मूल विचारेल, "विषाणू तर ०.१ मायक्रॉनचा असतो. मग तो आरपार जात नाही?" हा प्रश्न आला की आनंद माना. एक तर विषाणू एकटा उडत नाही, श्वासातल्या ओल्या कणांबरोबर येतो. दुसरं म्हणजे मास्क ही चाळणी नव्हे. मोठे कण सरळ जाऊन धाग्यांवर आदळतात, अगदी बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे फिरत धाग्याला चिकटतात, आणि एन-९५च्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो तो कण ओढून घेतो. अडवायला सगळ्यांत अवघड कण असतो तो मधल्या आकाराचा, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा किंवा त्याहून थोडा लहान, म्हणून परीक्षा अशाच कणांवर घेतात. त्याहून खूप बारीक कण उलट जास्त अडकतो! माझ्या वर्गात यावर घंटा होऊन गेली तरी कुणी उठलं नव्हतं.

"तुम्ही मोठे लोकच आधी मास्क नको म्हणत होतात" या आरोपाला तारखांनी उत्तर द्या, कारण आरोप खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला कोविडला महासाथ म्हटलं. सीडीसीने सर्वसामान्य लोकांना कापडी मास्क वापरायला सांगितलं ते ३ एप्रिलला, जागतिक संघटनेने सामान्य लोकांसाठीचा सल्ला बदलला तो ५ जूनला. बारा वर्षांवरच्या मुलांनी मोठ्यांसारखाच मास्क वापरावा, हे संघटनेने युनिसेफबरोबर सांगितलं २१ ऑगस्टला. लक्षणं नसलेली माणसंही लागण देतात हे जसं स्पष्ट होत गेलं, तसा सल्ला बदलला. मत बदलणं हा विज्ञानाचा दोष नाही. पण "आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं" हे मुलांना मोठ्यांच्या तोंडून ऐकायचं असतं. ते म्हणा.

पुरावाही फुगवून सांगू नका. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ मध्ये बांगलादेशात सहाशे गावांत मोठ्या माणसांवर एक प्रयोग झाला. काही गावांत मास्क फुकट घरपोच दिले, वापरून दाखवले, विसरणाऱ्याला समोरासमोर आठवण केली, गावातल्या मानाच्या माणसांना आधी लावायला सांगितलं. मास्क नीट लावणारे साधारण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेली, रक्तचाचणीत सिद्ध झालेली लागण सुमारे ११ टक्क्यांनी कमी दिसली. कापडी मास्कच्या गावांत फरक तितका स्पष्ट नव्हता. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा मास्कवरचा आढावा आला आणि "मास्क निरुपयोगी" अशा बातम्या पसरल्या, तेव्हा कॉक्रेनच्या मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांना खुलासा करावा लागला की तो अर्थ चुकीचा आहे, आढाव्यातून ठाम निष्कर्ष निघत नाही. मी हे सगळं मुलांना असंच सांगते. ११ टक्के ऐकून एक जण म्हणाला, "एवढेच?" मी म्हटलं, निम्म्याहून कमी लोकांनी लावून एवढे. तो गणित करत बसला.

गोष्ट सांगायची असेल तर ईशान्य चीनमधल्या हार्बिन शहराची सांगा. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसांचा प्लेग पसरला. तिथे पाठवलेले डॉक्टर वू लिएन-तेह एकतीस वर्षांचे होते. हा प्लेग हवेतून पसरतो असं ते म्हणाले आणि त्यांनी कापूस व गॉजचा मास्क वापरायला सांगितलं. त्यांच्याहून ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर जेराल्ड मेस्नी यांनी हे मानलं नाही, त्यांना अपमानास्पद बोलले, मास्क न लावता रुग्ण तपासायला गेले आणि काही दिवसांत प्लेगनेच वारले. मुलांना "बघा, मास्क नाही लावला की काय होतं" असं सांगू नका. विचारा, "एवढ्या मोठ्या डॉक्टरने का नसेल लावला?" त्यांना उत्तर लगेच सापडतं. समोरचा तरुण होता म्हणून. कमीपणा वाटला म्हणून. मग स्वतःची गोष्ट बोलायला वेळ लागत नाही.

नियम त्यांना ठरवू द्या

मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की स्वातंत्र्य काढून घेतलं जातंय असं वाटलं की माणूस नेमकी तीच गोष्ट करायला धावतो. चौदाव्या वर्षी हे धावणं जोरात असतं. मास्क लावायचा की नाही हे साथीत त्यांच्यावर सोडता येत नाही, पण बाकीचं बरंच सोडता येतं. कोणता मास्क, आठवण कुणी आणि कशी करायची, मोकळ्या हवेत मास्क उतरवायची जागा कोणती. माझ्या वर्गाने ठरवलं की आठवण तोंडाने करायची नाही. जिने किंवा ज्याने पाहिलं, त्याने स्वतःच्या नाकाच्या हाडावर बोट ठेवायचं. मुलांनी शिक्षकांनाही ती खूण करायची. पहिल्या दिवशी तीनदा ती मलाच झाली, आणि प्रत्येक वेळी मी मास्क वर घेऊन "थँक यू" म्हटलं.

बक्षिसं ठेवू नका, शपथा घ्यायला लावू नका. बांगलादेशच्या प्रयोगातही मोबाइलवरचे संदेश, बक्षिसं आणि जाहीर वचनं यांनी जास्तीचा फरक पडला नाही.

आवाज फुटणाऱ्या मुलासाठी काय केलं, तेही सांगते. "मोठ्याने बोल" हे वाक्य मी वर्गातून काढून टाकलं. कुणीही उत्तर दिलं की मी बाकाजवळ जाऊन ऐकायचे आणि सगळ्यांसाठी मोठ्याने परत म्हणायचे. सगळ्यांचीच उत्तरं, एकट्या त्याची नाही.

जे मास्क काढतच नाहीत

याकडे आमचं लक्ष फार उशिरा गेलं. मास्कची सक्ती उठल्यावर वर्गातल्या काही मुलामुलींनी तो काढलाच नाही. एक मुलगी मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून खायची. आम्ही तिला शहाणी, काळजी घेणारी समजत होतो. पण तिची दोन वर्षं मास्कमागे गेली होती, त्या दोन वर्षांत तिचा चेहरा बदलला होता, आणि वर्गातल्या कुणी तो पाहिलेलाच नव्हता.

जपानमध्ये साथीच्या आधीपासून यासाठी "दाते मासुकु" असा शब्द आहे, आजारासाठी नव्हे तर दिसण्यासाठी किंवा लपण्यासाठी लावलेला मास्क. साथीच्या काळात "काओ पान्त्सु" हा शब्द रुळला, चेहऱ्याची चड्डी. काढायची तितकीच लाज. तिथे १३ मार्च २०२३ पासून मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला, तरी अनेक मुलांनी तो लगेच काढला नाही.

अशा मुलांसाठी तीन गोष्टी पाळा. मास्क काढायचा दिवस साजरा करू नका. वर्गाचा फोटो ऐच्छिक ठेवा. आणि चेहरा पहिल्यांदा दिसला की त्यावर काहीही बोलू नका, कौतुकही नको. "अगं, तू अशी दिसतेस होय!" एवढं वाक्यही मास्क पुन्हा चढायला पुरतं. त्या मुलीने तो एकदा प्रयोगशाळेत काढला, गॅसच्या शेगडीपाशी उकडत होतं म्हणून. शेजारणीने तिच्या हातात परीक्षानळी दिली आणि वाचन विचारलं, बास. तास संपेपर्यंत मास्क खिशातच होता.

महिन्याने पुन्हा चिठ्ठ्या

मुलांची मतं भराभर बदलतात, साथही बदलते, म्हणून पेटी दर महिन्याला फिरवा, तेच तीन प्रश्न. चौथी जागा कोरी सोडा, काहीही लिहायला. दुसऱ्या महिन्यात त्या कोऱ्या जागेत एकाने लिहिलं होतं: "तुम्ही उत्तर परत म्हणता ते बरं आहे. पण मग सगळ्यांना वाटतं ते उत्तर तुमचं आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी उत्तर परत म्हणायच्या आधी ज्याचं उत्तर आहे त्याचं नाव घ्यायला लागले.